कोपराला लावलेला गूळ

आधी एक छोटंसं काम करा. उजवा हात समोर धरा, तळवा आपल्याकडे. अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला लावा आणि मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखं काहीतरी वर आलं का? आता डाव्या हातावर बघा. नाही आलं तरी घाबरू नका. साधारण सात-आठ माणसांमागे एखाद्याला ती दोरी नसतेच, आणि त्यावाचून त्याचं काहीही अडत नाही.

आपण बोलताना तिला ‘शीर’ म्हणून मोकळे होतो, पण ती रक्तवाहिनी नव्हे. तो टेंडन आहे, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. नाव पामारिस लाँगस. माणसाच्या हाताला तिची फारशी गरज उरलेली नाही. १९७४ साली लॉस एंजेलिसमधल्या एका डॉक्टरने हीच जवळपास बिनकामाची दोरी एका खेळाडूच्या उजव्या हातातून काढली आणि त्याच्याच डाव्या कोपरात बांधली. त्या दिवसापासून कोपराच्या दुखापतींचा इतिहास बदलला.

कोपरावरच्या भागात आम्ही या ऑपरेशनबद्दल बोललो, पण ऑपरेशननंतर काय झालं ते घाईत राहून गेलं. खरी गोष्ट तर तिथेच आहे. म्हणून हा लेख.

तीन हाडं आणि एक नस

कोपरात तीन हाडं भेटतात. वरून दंडाचं एक, खालून हाताची दोन. दाराच्या बिजागरीसारखा हा सांधा उघडतो-मिटतो, आणि तळवा पालथा-उताणा करायलाही मदत करतो. हाडाला हाडाशी बांधून ठेवतात ती लिगामेंट्स. कोपराच्या आतल्या बाजूला, म्हणजे शरीराकडच्या बाजूला, असंच एक लिगामेंट आहे. आज आपण बोलणार आहोत ते मुख्यतः त्याच्याबद्दल. त्याच्या अगदी शेजारून एक नस जाते. दाराच्या चौकटीवर कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात ना? तीच ती, अल्नर नस. तिला लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहे.

मराठीत कोपराला बरीच कामं आहेत. आपण कोपरखळी मारतो, एखाद्याला कंटाळलो की त्याच्यापुढे कोपरापासून हात जोडतो. आणि एक जुना वाक्प्रचार आहे, कदाचित आजीच्या तोंडून ऐकला असेल: कोपराला गूळ लावणे. स्वतःचं कोपर स्वतःच्या जिभेला पोचत नाही. गूळ दिसतो, वास येतो, पण चाखता येत नाही. खोटी आशा दाखवणं, असा त्याचा अर्थ. हाही लक्षात असू द्या.

शंभरात एक

१७ जुलै १९७४. लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर टॉमी जॉन माँट्रियल एक्स्पोजविरुद्ध खेळत होता. वय ३१. मोसम झकास चालला होता, १३ विजय आणि फक्त ३ पराभव. तिसऱ्या इनिंगमध्ये एक चेंडू टाकताना त्याच्या डाव्या कोपरात काहीतरी झालं. त्याने आणखी एक टाकून पाहिला. मग कोणी बोलवायची वाट न बघता तो स्वतःच चालत मैदानाबाहेर आला. आतल्या बाजूचं ते लिगामेंट फाटलं होतं.

ही दुखापत नवीन नव्हती. १९४६ साली फिनलंडमध्ये वारिस नावाच्या डॉक्टरने भालाफेक करणाऱ्यांमध्ये तिचं वर्णन केलं होतं. भाला आणि बेसबॉल, दोन्हींत खांदा पुढे येतो, हात मागे राहतो आणि कोपर आतल्या बाजूने उघडायला बघतं. वर्णन होतं, उपाय नव्हता. पिचरचं लिगामेंट फाटलं की ‘हात गेला’ म्हणायचे आणि तो माणूस दुसरा धंदा शोधायचा.

डॉजर्सचे डॉक्टर होते फ्रँक जोब. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकन सैन्याच्या वैद्यकीय विभागात होते, डॉक्टर झाले ते युद्धानंतर. पोलिओ झालेल्यांवर आणि हाताच्या दुखापतींवर तेव्हा एक प्रकारची शस्त्रक्रिया व्हायची: एका जागचा टेंडन घेऊन दुसऱ्या जागी जोडायचा. जोब यांना वाटलं, हे कोपरात का करू नये? दंडाच्या हाडाला आणि हाताच्या हाडाला भोकं पाडायची आणि त्यांतून टेंडन इंग्रजी आठच्या आकड्यासारखा ओवायचा. त्यांनी टॉमी जॉनला सरळ सांगितलं की पुन्हा पूर्वीसारखं खेळण्याची शक्यता शंभरात एक आहे. ऑपरेशन केलं नाही तर तेवढीही नव्हती.

२५ सप्टेंबर १९७४ ला ऑपरेशन झालं. लोक गोष्ट सांगतात ती इथे संपवतात. पण थांबा.

ऑपरेशननंतर टॉमी जॉनची बोटं बधिर झाली आणि पंजा आखडून नखीसारखा झाला. अल्नर नस, तीच चौकटीवाली, दुखावली होती. डिसेंबरमध्ये जोब यांनी पुन्हा कोपर उघडलं आणि नस जागेवरून हलवून ठेवली. नस सावरायला फार हळू सावरते. १९७५ चा संपूर्ण मोसम तो एकही सामना खेळला नाही. आधी बोटं उघडायला शिकला, मग चेंडू धरायला, मग हळूच फेकायला. संघातल्या माइक मार्शलने त्याला हातावर ताण कमी येईल अशी फेकण्याची पद्धत शिकवली. मार्शल स्वतः पिचर होता आणि शरीराच्या हालचालींचं शास्त्र शिकलेला होता.

एप्रिल १९७६ मध्ये टॉमी जॉन परत आला. त्या वर्षी १० सामने जिंकला, पुढच्या वर्षी २०. निवृत्त झाला १९८९ साली, वयाच्या ४६ व्या वर्षी. एकूण विजय २८८, आणि त्यांतले १६४ ऑपरेशननंतरचे. म्हणजे ‘हात गेला’ असं ठरल्यानंतरची कारकीर्द आधीच्या कारकिर्दीपेक्षा मोठी निघाली.

दुसरा रुग्ण कोण होता माहीत आहे? ब्रेंट स्ट्रॉम, १९७८ साली. तो मेजर लीगमध्ये पुन्हा कधीच पिच करू शकला नाही. पुढे नावाजलेला पिचिंग कोच झाला, पण ऑपरेशनला त्याचं नाव मिळालं नाही. जोब यांनी १९८६ साली पहिले १६ खेळाडू मिळून निबंध छापला. त्यांतले १० जण आधीच्या पातळीवर परतले होते, आणि नसेच्या तक्रारी बऱ्याच जणांना झाल्या होत्या. जोब यांनी काही लपवलं नव्हतं. पण लोकांच्या डोक्यात राहिला तो पहिला माणूस.

पुढे तंत्र सुधारत गेलं. स्नायू कापून बाजूला करण्याऐवजी त्यांच्या तंतूंमधून वाट काढू लागले, नसेला शक्यतो हात लावेनासे झाले. आज व्यावसायिक पिचरपैकी दहातले साधारण आठ पुन्हा मैदानात उतरतात. शोहेई ओहतानीचंच बघा. २०१८ मध्ये एकदा आणि २०२३ मध्ये पुन्हा, अशी त्याच्या उजव्या कोपरावर दोन ऑपरेशन्स झाली. जोब यांनी सहकाऱ्याबरोबर उभ्या केलेल्या केर्लन-जोब क्लिनिकमधल्याच सर्जनने ती केली. २०२४ च्या मोसमात तो फक्त बॅटिंग करत होता, पिचिंगला परतला ते जून २०२५ मध्ये. पैसा, सर्जन, फिजिओ, कशाचीच कमतरता नसलेल्या माणसाचं हे वेळापत्रक आहे. १९७४ पासून आजपर्यंत सगळं बदललं, पण लागणारा वेळ अजूनही वर्ष-दीड वर्षच आहे. नव्या टेंडनला हाडात रुजून लिगामेंटसारखं वागायला जो काळ लागतो, तो कुठल्याही सर्जनला कमी करता आलेला नाही.

सचिनचं कोपर

आता आपल्याकडे येऊ. २००४ साली मी मुंबईत शाळेत होतो. त्या वर्षी वर्गातल्या सगळ्यांना, अगदी क्रिकेट न बघणाऱ्यांनाही, एक नवा शब्द पाठ झाला: टेनिस एल्बो.

ऑगस्टमध्ये भारतीय संघ हॉलंडमध्ये असताना सचिन तेंडुलकरचं डावं कोपर बिघडल्याची बातमी आली. वय? ३१. टॉमी जॉनएवढंच, बरोबर तीस वर्षांनी. पण दुखापत वेगळी. टॉमी जॉनचं फाटलं ते आतल्या बाजूचं लिगामेंट, एका क्षणात. टेनिस एल्बो होतो बाहेरच्या बाजूला. मनगट वर उचलणारे स्नायू जिथे दंडाच्या हाडाला चिकटतात, तिथला टेंडन हळूहळू झिजत जातो. बॅट, रॅकेट, हातोडा, पोळपाट-लाटणं, काहीही चालतं. गंमत म्हणजे या दुखण्याचं वैद्यकातलं पहिलं वर्णन १८७३ चं, जर्मनीतल्या रुंगे नावाच्या डॉक्टरचं, आणि ते लिहून लिहून हात दुखणाऱ्यांबद्दल आहे. लॉन टेनिसचं पेटंट इंग्लंडमध्ये १८७४ साली निघालं. दुखणं आधी आलं, खेळ नंतर. नाव मात्र १८८० च्या दशकात खेळाचं चिकटलं.

सचिन ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या दोन कसोटी खेळला नाही. नागपूरला आला, संघ हरला, मालिकाही गेली. ऑस्ट्रेलियाने भारतात मालिका जिंकली ती १९६९ नंतर पहिल्यांदाच. मग डिसेंबरमध्ये ढाक्याला त्याने नाबाद २४८ धावा काढल्या, ते ३४ वं कसोटी शतक. गावस्करांची बरोबरी झाली. आम्हाला वाटलं, चला, बरं झालं कोपर. पण ते झालं नव्हतं. मे २००५ मध्ये लंडनला ऑपरेशन करावं लागलं. ऑक्टोबरमध्ये नागपूरलाच श्रीलंकेविरुद्ध ९३ धावा काढून तो परतला, आणि डिसेंबरमध्ये दिल्लीला ३५ वं शतक आलं. कारकिर्दीतल्या ५१ कसोटी शतकांपैकी १७ या ऑपरेशननंतरची आहेत.

म्हणजे ऑपरेशनने सचिन वाचला? शाळेत आम्ही असंच मानत होतो. आता तेवढ्या खात्रीने म्हणवत नाही, आणि त्याला कारण आहे.

टेनिस एल्बोचं ऑपरेशन ज्या स्वरूपात गाजलं, ते व्हर्जिनियाच्या रॉबर्ट निर्शल यांचं. १९७९ साली त्यांनी आणि पेट्रोन यांनी ८८ कोपरांचा हिशोब मांडला. झिजलेला भाग कापून काढला होता, आणि जवळपास सगळ्यांना आराम पडला होता. पुढे चार दशकांनी, २०१८ साली, ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी एक धीट प्रयोग प्रसिद्ध केला. २६ रुग्णांपैकी १३ जणांवर निर्शल यांचं ऑपरेशन केलं. उरलेल्या १३ जणांची फक्त त्वचा कापली, आत बघितलं, झिजलेल्या भागाला हातही न लावता शिवून टाकलं. आपल्यावर काय झालं ते रुग्णांना माहीत नव्हतं. दोन्ही गट सुधारले, आणि दोघांत फरक दिसला नाही.

प्रयोग लहान आहे, त्यावरून शेवटचा निकाल देऊ नये. पण एक प्रश्न उभा राहतो. टेनिस एल्बो झालेल्या दहांतले आठ-नऊ जण ऑपरेशनशिवाय, वर्षभरात वगैरे, बरे होतात. ज्यांच्यावर ऑपरेशन होतं, त्यांनाही नंतर सक्तीने विश्रांती घ्यावी लागते, फिजिओकडे जावं लागतं, हळूहळू भार वाढवावा लागतो. मग बरं कोणी केलं, सुरीने की सुरीच्या निमित्ताने मिळालेल्या वेळाने? सचिनच्या बाबतीत उत्तर देता येणार नाही. पण त्याचीही वाट पाच-सहा महिन्यांची होती, हे मात्र खरं.

सुरी लागते तेव्हा लागते

आता कोणी म्हणेल, म्हणजे सगळ्यावर आराम हाच उपाय का? अजिबात नाही. मुलांमधली कोपराची नेहमीची गंभीर दुखापत घ्या. मूल झाडावरून किंवा मंकी बारवरून पडतं, हात टेकवतं आणि दंडाचं हाड कोपराच्या जरा वर मोडतं. तिथून हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते. बोटं थंड, पांढरी पडली, बधिर झाली किंवा बोटं सरळ करताना असह्य दुखलं, तर तासांचा हिशोब असतो. रक्त न पोचल्यामुळे स्नायू मरून हात कायमचा आखडतो, हे रिचर्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ सालीच लिहून ठेवलं. त्यात घट्ट पट्टीचा दोष किती, हेही सांगितलं. आपल्या गावांकडे हाडवैद्याने कामट्या लावून आवळलेल्या पट्टीने असे हात गेलेले आहेत. इथे इस्पितळात लगेच जायचं. हाड जागेवर बसवून तारा घातल्या, तर बहुतेक मुलं काही महिन्यांत पुन्हा त्याच झाडावर असतात.

मुद्दा सुरी चांगली की वाईट हा नाहीच. कोणत्या दुखापतीला सुरी हवी आणि कोणतीला सवड, हे ओळखण्याचा आहे.

आणि आता तुमच्या घरातली गोष्ट

माझा भाचा न्यू जर्सीत वाढतोय. बारा वर्षांचा आहे, पिचर आहे, आणि चांगला आहे. गेल्या उन्हाळ्यात तो दोन संघांतून खेळत होता. कोपर आतून दुखतंय म्हणाला, तर घरातलं उत्तर काय? ‘अरे, आम्ही दिवसभर बॉलिंग टाकायचो.’

ते खोटं नाही. पण क्रिकेटमध्ये चेंडू टाकताना कोपर जवळपास सरळ राहतं. १५ अंशांपेक्षा जास्त सरळ झालं तर नियमात बसत नाही. म्हणून फास्ट बोलरची पाठ जाते, कोपर क्वचित. बेसबॉलचा पिचर कोपर वाकवून झटक्यात सरळ करतो. त्या झटक्याचा सगळा ताण ते एकटं लिगामेंट पेलू शकणार नाही इतका असतो. आजूबाजूचे स्नायू वाटा उचलतात, म्हणून ते टिकतं. स्नायू दमले की वाटेकरी गेले. आणि वाढत्या मुलात तर लिगामेंटच्याही आधी हाडाची वाढीची जागा दुखावते. ‘लिटल लीगर्स एल्बो’ हे नाव वैद्यकात १९६० पासून आहे. आपल्या आईबाबांचा क्रिकेटचा अनुभव खरा आहे, पण या खेळाला तो लागू पडत नाही.

आणि इथे तो गूळ येतो. २०१२ साली अमेरिकेत छापून आलेल्या एका पाहणीत हायस्कूलच्या निम्म्या खेळाडूंना वाटत होतं की दुखापत नसतानाही, फक्त खेळ सुधारावा म्हणून, टॉमी जॉन ऑपरेशन करून घ्यावं. काही पालकांना आणि कोचनाही तसंच वाटत होतं. परत आलेला पिचर जास्त वेगाने फेकतो, अशी दंतकथा आहे. वेग वाढलाच, तर त्यामागे दीड वर्षाचा व्यायाम असतो, वाढतं वय असतं. मनगटातून काढलेली दोरी मूळ लिगामेंटपेक्षा चांगली नसते. २००७ ते २०११ या वर्षांच्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, ज्यांच्यावर हे ऑपरेशन झालं त्यांच्यातले निम्म्याहून जास्त १५ ते १९ वयाचे होते. व्यावसायिक माणसाची बुडालेली कारकीर्द वाचवायला शोधलेला उपाय शाळेतल्या मुलांपर्यंत येऊन पोचला. खुद्द टॉमी जॉनने मुलांवर सर्रास होणाऱ्या या ऑपरेशनविरुद्ध जाहीरपणे लिहिलं-बोललं आहे.

जोब यांनी लावलेला शोध खोटा नव्हता. खोटी होती ती आशा, की आता हात मोडला तरी हरकत नाही, दुरुस्त होतो.

म्हणून तुमच्यासाठी, किंवा तुमच्या धाकट्या भावंडांसाठी, काही आकडे. लिटल लीगचे नियम असे आहेत: ९-१० वर्षांच्या मुलाने दिवसाला ७५ पिचेस, ११-१२ ला ८५, १३ ते १६ ला ९५. चौदा किंवा त्याहून लहान मुलाने ६६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस पूर्ण विश्रांती. एक पळवाट मात्र लक्षात ठेवा. प्रत्येक संघ आपापले पिचेस मोजतो. मूल दोन संघांतून खेळत असेल तर बेरीज कोणीच करत नाही. हातांना तर संघ कळत नाहीत.

भाच्याचं कोपर दोन महिने आराम करून थांबलं, सुदैवाने. आता त्याची आजी, माझी आई, पुण्याहून व्हिडिओ कॉलवर दर रविवारी विचारते, ‘किती टाकलेस रे?’ तिला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण फ्रिजवर लावलेल्या कागदावर दोन्ही संघांचे आकडे एकाखाली एक लिहिलेले असतात, आणि बेरीज ती करते.